दोन दिवसांपुरतं

वादी कबीरच्या तिसऱ्या गल्लीत सकाळी साडेसहालाच
पत्र्याला हात लावू नये असं ऊन.
अब्दुर्रहीम बलुशी गाडी ढकलतच घेऊन आला.
केशरी-पांढरी टॅक्सी, शहाण्णव सालची,
दारावरचा नंबर पुसट, वाचता येईल एवढाच.

म्हणाला, थांबलो की बंद पडते.
पळते तेव्हा काही नाही.
मत्रहच्या चौकात उभा राहिलो की गेली,
आणि मागे सगळं मस्कत हॉर्न वाजवतंय.

तीन गॅरेज झाली होती.
एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने पंप,
तिसऱ्याने ऐंशी रियाल घेऊन कॉम्प्युटरच नवा घातला.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
पावत्या त्याने नीट घडी करून ठेवलेल्या,
एकेक उलगडून दाखवत होता, जणू चूक त्याचीच.

मी बॉनेट उघडलं नाही.
उद्यमनगरात बंडा मिस्त्री सांगायचा,
आधी मालकाला तपास, मग गाडीला.
विचारलं: थंड असताना जाते की तापल्यावर?
एसी लावला की जास्त?
आणि जाते कशी, चाचा?
फुंकर मारल्यावर दिवा जातो, तशी एकदम,
की तेल संपत आल्यासारखी, फडफडत?

तो विचारात पडला. मग
स्वतःचाच श्वास करून दाखवला त्याने,
वर, खाली, वर, अजून खाली,
आणि खांदे सोडून दिले.

एवढं पुरे होतं.
वायरिंग नाही. हे हवेचं काम.

तरी पहिला अंदाज चुकला.
आयडलचा व्हॉल्व्ह काढला, काजळी धुतली,
सिराजुलने ब्रश मारून मारून पितळ दिसायला लावलं,
चालू केली, तर सुई तशीच,
आठशे, अकराशे, सहाशे, नऊशे,
खुंट्याला बांधलेली शेळी फिरते तशी.

मग पेट्रोलच्या नळीचा हातभर तुकडा घेतला,
एक टोक कानात, दुसरं इंजिनवर फिरवत गेलो.
पंख्याचा आवाज. बेल्टचा आवाज.
इंजेक्टरांची टिकटिक, चारही ठीक.
आणि पार मागे, मॅनिफोल्डच्या पाठीशी,
जिथे हात जात नाही, मनगट भाजतं, तिथे
दात नसलेल्या माणसाने ‘स’ म्हणावा तसं काहीतरी.

एक वापरात नसलेलं तोंड.
त्यावर रबराची टोपी, करंगळीच्या पेराएवढी, तडकलेली,
आणि टोपीवर काळी चिकटपट्टी,
उन्हाने, तेलाने वाळून साल झालेली.
पट्टीचं शेवटचं टोक आत दुमडलेलं,
पुढच्या माणसाला नख लावायला जागा राहावी म्हणून.

असं टोक बंडा मिस्त्री दुमडायचा.
आणि या गल्लीत फक्त मी.

सतरा वर्षं झाली असतील.
ईदची सुट्टी, दुकानं बंद, टोपी कुठेच मिळेना,
मी इथे नवा, दोन महिन्यांचा,
हिंदी बोलणाऱ्या एका टॅक्सीवाल्याला म्हणालो होतो,
दोन दिवस चालेल, मग ये.
त्याची दाढी तेव्हा काळी होती.
त्याच महिन्यात घरी फोनवरही
मी असंच काहीतरी बोललो होतो.

नवी टोपी शंभर बैसा. एक क्लिप.
चालू केली. एसी लावला.
सुई नखभर खाली गेली,
थबकली, वर आली, तिथेच राहिली.
सिराजुलने सुलेमानीचा ग्लास इंजिनच्या कव्हरवर ठेवला.
आम्ही तिघेही चहाकडे बघत उभे,
एकही वर्तुळ उठलं नाही.

काय होतं रे?
हवा, मी म्हटलं. नको तिथून येत होती.
पट्टीचं सांगितलं नाही.
त्याने पाच रियाल पुढे केले, मी एक घेतला.
तो माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघत राहिला,
की मलाच तसं वाटलं.

गल्लीच्या टोकाशी त्याचे ब्रेकचे दिवे लागले.
रस्ता मोकळा होता.
मागचा पाण्याचा टँकर हॉर्न देत राहिला, देत राहिला.
तो मुद्दामच उभा होता.